एअर फिल्टर : दहा मिनिटांचं काम, सहा आठवड्यांच्या नोंदी

गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही; नाव निघालं की फिल्टर राहतो बाजूला आणि कुणाची गाडी भारी यावर वाद सुरू होतो. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत थोड्याफार फरकाने मामला सारखाच असतो. काळा प्लास्टिकचा डबा, त्यात इंजिनात जाणारी हवा गाळणारा घड्यांच्या कागदाचा फिल्टर, डब्याच्या झाकणाला एका बाजूने जिभल्या असतात त्या खाचांत बसतात, दुसऱ्या बाजूने स्टीलच्या क्लिपा, आणि झाकणातून निघून थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या झडपेकडे, जाणारी जाड रबरी होज.

रोजचा रस्ता चंद्रपूर ते घुग्घुस, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. पडोली चौकाच्या पुढे कोळशाच्या ट्रकामागे ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना धुळीबद्दल काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की संध्याकाळी माझ्या शर्टाची कॉलर उलटून बघितली की बायकोला कळतं आज ट्रक किती होते.

5 मे, रविवार. मीटर 87,412

निमित्त मायलेज. सतराचं पंधरावर आलं. ऑफिसात चहाच्या टपरीवर एकमताने निदान झालं : एअर फिल्टर चोक. मागच्या जुलैत सर्व्हिसिंगला नवा टाकला होता, बिलात तशी ओळ आहे. दहा महिन्यांत चोक होईल का अशी शंका होती, पण आमच्या रस्त्यावर काहीही होऊ शकतं, म्हणून उघडायला घेतला.

सकाळी साडेसहाला सुरुवात. मे महिन्यात चंद्रपुरात नऊनंतर बोनेटला हात लावायचा तर सांडशी लागते.

क्लिपा चार. तीन टिचकन उघडल्या. चौथी बॅटरीच्या बाजूची, ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच चाचपावी लागते. बोटांनी दाद दिली नाही म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटली आणि क्लिप उडाली. टण्ण असा एकच आवाज आला. दुसरा आला नाही, म्हणजे जमिनीवर पडली नाही, मध्येच कुठेतरी अडकली. पाऊण तास टॉर्च घेऊन शोधली. बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून सोडलं. त्याला चिकटून एक जुना वायसर तेवढा वर आला. क्लिप नाही.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आधी त्या कोपऱ्याखाली एक फडकं पसरा. मला हे पाऊण तासानंतर सुचलं.

झाकण उचललं. झाकणावर एका सेन्सरचा प्लग आहे, आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा. त्याची वायर आखूड, म्हणून प्लग काढून ठेवला. हा प्लग लक्षात ठेवा, पुढे याच्यावर एक अख्खी नोंद आहे.

फिल्टर काळा होता. डब्याच्या तळाशी उंदराचा संसार : कापसाचे बोळे, तुरीच्या शेंगांची टरफलं, आणि कुठल्या तरी पावतीचा बारीक चघळलेला कागद. उंदीर हवा आत घेणाऱ्या नळीतून येत असावा, कारण डबा दुसरीकडून कुठेच फुटलेला नाही. हा सगळा पसारा फिल्टरच्या खालच्या, म्हणजे मळक्या बाजूला. तिथे कचरा असणं फार वाईट नाही, ती बाजू त्यासाठीच आहे.

मी काळा फिल्टर हातात धरून बाबांना दाखवला. बाबांनी वरोऱ्याकडे तीस वर्षं शेती केली, त्यांच्या ट्रॅक्टरला ऑइल बाथचा एअर क्लीनर होता. खाली वाटीत तेल, वर जाळी, आणि मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज उतरवून गाळ फेकायचा. कागदी फिल्टरला ते अजूनही फिल्टर मानत नाहीत. त्यांनी माझ्या हातातल्या फिल्टरकडे बघितलंच नाही.

"फिल्टर काय पाहून राह्यला? त्याच्या मागचं पाह्य."

"मागचं म्हणजे?"

"कोळशाच्या रस्त्यानं फिल्टर गोरा राहते का? काळा झाला म्हणजे त्यानं काम केलं. झाकणाच्या आतून बोट फिरव."

फिरवलं. झाकणाची आतली बाजू म्हणजे फिल्टरच्या पलीकडची, जिथून पुढे हवा थेट इंजिनात जाते. तिथे धूळ असायलाच नको. बोट काळं. बाबांनी माझं बोट धरलं, आपल्या अंगठ्याने ती धूळ चोळली आणि अंगठा कानाजवळ नेला. "तेलकट नाही. किरकिरते."

हा फरक महत्त्वाचा आहे. होजमध्ये इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे आतली तेलकट वाफ बाहेर काढणारी, नळी येऊन मिळते, तिच्या तोंडाशी तेलाचा चिकट काळा थर असतो, तो जुन्या इंजिनात दिसतोच. कोरडी, बोटांत किरकिरणारी धूळ ही वेगळी गोष्ट. ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून खाते. आणि गंमत अशी की धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते तेव्हा डॅशबोर्डवर कुठलाच दिवा लागत नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरला हवा मिळाल्याशी मतलब, ती कुठून आली हे तो विचारत नाही.

कारण सापडलं. फिल्टरच्या रबरी कडेचा एक कोपरा, जिभल्यांच्या बाजूचा, आत दुमडलेला. साधारण दोन बोटं लांबीची फट. त्या दुमडीवर वाऱ्याने रेघा पडाव्यात तशा धुळीच्या रेघा. म्हणजे जुलैपासून दहा महिने तिथून धूळ जात होती. बिलात मजुरी लावली आहे, हे बघून ज्याने बसवला त्याला मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शब्द मला पुढे परत घ्यावे लागले.

इथवर ठीक होतं. कड सरळ करून तोच फिल्टर परत बसवला असता तर काम तिथेच संपलं असतं. पण मला वाटलं, उघडलाच आहे तर हवा मारून घेऊ. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला.

"पाहा भाऊ, अशी हवा मारतो, नवाच होऊन जाते."

त्याने नोझल घड्यांना टेकवून धरलं आणि पूर्ण दाबाने फुर्रर केलं. काळा ढग उडाला, आम्ही दोघे खोकलो, फिल्टर राखाडी झाला. वीस रुपये. मला फार बरं वाटलं.

6 मे, सोमवार

रात्री वीज गेली होती. अंधारात सुचलं म्हणून फिल्टर डब्यातून काढला, आतून मोबाइलचा टॉर्च लावला आणि बाहेरून बघितलं. चांगल्या कागदातून मंद, सारखा उजेड झिरपतो. माझ्या फिल्टरमध्ये दोन ठिकाणी उजेडाचे टोचे होते आणि एका घडीच्या काठावर अर्ध्या इंचाची चीर.

ही हवेची करामत. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय भरतो, पण कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभराच्या वर असतो, आणि नोझल टेकवलं की तो सगळा दाब कागदाच्या एका ठिपक्यावर. शिवाय त्याने मारली मळक्या बाजूने, म्हणजे धूळ कागदात आणखी आत रुतली. मारायचीच तर स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, कमी दाबाने, वीतभर लांबून. खरं तर मारूच नये. हलकेच जमिनीवर आपटून जेवढी पडेल तेवढी धूळ पाडावी आणि बाकीची राहू द्यावी.

पंक्चरवाल्याची चूक नाही. त्याला मीच "चांगली जोरात मार" म्हणालो होतो.

हिशोब : बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात फिल्टर 40,000 किलोमीटरला बदला असं असतं, धुळीत त्याच्या आधी. माझा बारा-तेरा हजार चालला होता. कड सरळ केली असती तर अजून काही महिने सहज गेला असता. वीस रुपये देऊन तो मी मारला.

8 मे, बुधवार

दोन दिवस फाटक्या फिल्टरवर ऑफिसला गेलो. मनाला बरं वाटेना, प्रत्येक ट्रकामागे श्वास मीच रोखून धरत होतो. आजपासून गाडी उभी, सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे.

संध्याकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात. काउंटरवर गर्दी. मी म्हणालो, "या गाडीचा फिल्टर द्या, 2014, पेट्रोल." त्याने दिला, मी 260 रुपये दिले, घरी आलो. खोका उघडला तर आत एसीचा केबिन फिल्टर. पांढरा, मऊ, डॅशबोर्डच्या मागे बसतो तो. मी "इंजिनचा" म्हणालो नाही, त्याने "इंजिनचा का एसीचा" विचारलं नाही. दोघांची निम्मी निम्मी.

9 मे, गुरुवार

परत गेलो. खोका फाटला म्हणून 30 रुपये कापून घेतले. या वेळी इंजिनचा मागितला.

"ओरिजनल पाह्यजे का चालू?"

"फरक किती?"

"तीनशे पंच्याऐंशी, एकशे साठ."

एकशे साठवाला हातात घेतला. कागद पातळ वाटला, पण कागद हाताने ओळखण्याइतका मी तज्ज्ञ नाही. मी जुना फिल्टर सोबत नेला होता, तो शेजारी ठेवला. लांबी-रुंदी सारखी. पण रबराची कड टेकवून बघितली तर जुन्याची जाडी अंगठ्याच्या नखाएवढी, याची त्याच्या निम्मी. ही पातळ कड डब्याच्या खाचेत नुसती पडून राहिली असती, झाकणाने दबली नसती. दुकानदार म्हणाला, सगळे हाच नेतात, कोणाची तक्रार नाही. तक्रार येणार कशी? धुळीचा दिवा लागत नाही हे वर लिहिलंच आहे.

385 वाला घेतला. दुकानात जाताना जुना सोबत न्या आणि रबराची जाडी जुळवून घ्या. या सगळ्या प्रकरणात मी डोकं चालवून केलेलं हे एकच काम.

12 मे, रविवार. मीटर 87,518

बसवला. वेळ : दीड तास. त्यातली दहा मिनिटं फिल्टरची.

आधी थ्रॉटलकडच्या होजचं तोंड स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद केलं, म्हणजे साफ करताना कचरा पुढे जायला नको. हे कापड आत विसरण्याची भीती मला इतकी होती की गाडीची किल्ली त्याच कापडाच्या शेपटाला बांधून ठेवली. कापड काढल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही.

उंदराचा संसार व्हॅक्यूमने ओढला. डबा ओल्या फडक्याने पुसला, झाकण पुसलं, होजचा आतला भाग हात पोचेल तेवढा पुसला. चार फडकी काळी झाली. हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी लावायचा विचार आला, स्वयंपाकघरातली जुनी चहाची गाळणी कापून. बाबा म्हणाले, "ते तुटून आत गेली त मग?" विचार सोडला. मोठ्या भोकांची कोंबडजाळी बाहेरच्या तोंडाला तारेने घट्ट बांधली. ती सुटलीच तर फिल्टरच्या अलीकडेच अडकेल, आणि हवेला अडवणार नाही.

फिल्टर ठेवला, झाकण लावलं, तीन क्लिपा टाकल्या. चौथीच्या जागी तूर्त जाड रबरबँड, तोही उन्हात दोन दिवसांत वितळणार हे माहीत असून. सेन्सरचा प्लग लावला. लावला असं मला वाटलं.

13 मे, सोमवार

घुग्घुसला पोचेपर्यंत चेक इंजिनचा पिवळा दिवा. पोटात गोळा. पहिला विचार : कापड आत राहिलं. पण किल्ली तर माझ्या हातात होती, आणि कापड घरी दोरीवर वाळत होतं.

ऑफिसातल्या एकाकडे ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला, मोबाइलवर कोड आला : पी 0113, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचं सर्किट. मग चालू आकडे उघडले. आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे 40 अंश.

मे महिना, चंद्रपूर, दुपारचे दोन, उणे 40. अख्खं ऑफिस खाली बघायला आलं. एकाने स्वेटर विचारला.

सेन्सरची वायर तुटली किंवा प्लग निघाला की कॉम्प्युटरला सर्किट उघडं दिसतं आणि तो ते टोकाची थंडी म्हणून वाचतो. बोनेट उघडलं तर प्लग खाचेत नुसता टेकवलेला, कट्ट वाजलेलाच नव्हता. दाबला, कट्ट झालं, आकडा उणे 40 वरून एकदम अधिक 51 वर गेला. बोनेटखाली तेवढं असतंच. कोड पुसला, दिवा गेला. पुसला नसता तरी काही दिवसांच्या चालण्यानंतर आपोआप गेला असता.

प्लग लावल्यावर हलकेच मागे ओढून बघायचा. निघाला नाही तर बसला. आणि प्लग काढलेला असताना किल्ली फिरवायची नाही, नाहीतर हाच कोड पडतो.

19 मे, रविवार. मीटर 87,826

तीनशे किलोमीटर झाले. सहज म्हणून उघडला. नवा फिल्टर, स्वच्छ पुसलेला डबा, मनात जरा फुशारकी. झाकणाच्या आतून बोट फिरवलं.

काळं.

पुन्हा फिरवलं. तोच कोपरा, जिभल्यांच्या बाजूचा. फिल्टर उचलला. रबराची कड त्याच जागी, तशीच आत दुमडलेली. ज्याला मी शिव्या दिल्या त्याने जुलैत जे केलं होतं, तेच मी केलं होतं, आणि त्याच्यापेक्षा जास्त वेळ लावून.

दुपारपर्यंत तिथेच बसलो, कारण आता क्लिपांपेक्षा हे कोडं सोडवणं भाग होतं. पाच-सहा वेळा झाकण लावून-काढून जे समजलं ते असं. जिभल्यांची बाजू फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडे, आहे, तिथे डोळे पोचत नाहीत. आपण झाकण सरळ वरून खाली ठेवतो, क्लिपा लावतो, क्लिपा लागतात, आपल्याला वाटतं बसलं. पण जिभल्या खाचांत गेलेल्याच नसतात, खाचांच्या काठावर उभ्या असतात. मग झाकण पुढे घसरतं आणि घसरताना रबराची कड सोबत ओढून आत दुमडतं. क्लिपा लागताना जरा जास्त जोर लागतो, ही एवढीच खूण. मी त्या जोराला 'नवीन रबर आहे, घट्ट असणारच' म्हणून माफ केलं होतं.

बरोबर पद्धत : झाकण समोरून साधारण तीस अंश वर तिरपं धरायचं, आधी जिभल्या खाचांत सरकवायच्या, बोट मागे घालून एकेक जिभली चाचपायची, आणि मग झाकण पुस्तकासारखं मिटायचं. असं केलं की क्लिपा एका बोटाने लागतात. ज्या क्लिपेला दोन हात लागतात ती काहीतरी सांगते आहे.

पण कड खरंच सगळीकडे दबते का, हे बंद डब्यात दिसणार कसं? बाबा म्हणाले, रबराला काहीतरी फासून ठसा पाह्य. बायकोने रांगोळी आणून दिली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. इंजिनात दगडाची पूड जाऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप चाललेला. शेवटी मुलीची टाल्कम पावडर. ओल्या बोटाने रबराच्या वरच्या कडेला बारीक लावली, झाकण मिटलं, क्लिपा लावल्या, लगेच उघडलं. झाकणाच्या काळ्या काठावर पांढरी रेघ उमटली. तीन बाजूंनी अखंड. चौथ्या बाजूला, जिथे रबरबँड होता तिथे, चार बोटं रेघच नाही.

म्हणजे दोन गळत्या होत्या. एक जिभल्यांची, आणि दुसरी चौथी क्लिप नसल्याची, जी मी स्वतः 5 मे रोजी तयार केली होती. रबरबँड केव्हाच तुटून गेला होता. पावडर ओल्या फडक्याने पूर्ण पुसली, त्या कोपऱ्याला प्लास्टिकची केबल टाय आवळून बांधली. पुन्हा पावडर, पुन्हा ठसा, या वेळी रेघ पुरी. पुन्हा पुसलं.

दुपारी साडेबारा. अंगावर घामोळं. जुलैतल्या त्या माणसाबद्दल मनात बोललेलं सगळं परत घेतलं. त्याच्यामागे रांगेत दहा गाड्या उभ्या असतील, माझ्यामागे फक्त वरण-भात थंड होत होता.

22 मे, बुधवार

भंगारवाल्याच्या अड्ड्यात तशाच गाडीचा एअर बॉक्स मिळाला. तो अख्खा डबा 300 म्हणत होता, मला एकच क्लिप हवी होती. 40 रुपयांत काढून दिली. केबल टाय कापून क्लिप लावली. ती बसवताना मात्र खाली फडकं पसरलं होतं.

26 मे, रविवार. मीटर 88,124

बोट फिरवलं. स्वच्छ. टिश्यू पेपर फिरवला, तोही पांढरा. बाबांनी स्वतः फिरवून बघितलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पास.

आता मायलेजचं. ज्यासाठी हे सगळं सुरू झालं ते तसंच आहे. दोनदा टाकी फुल करून मोजलं, 15.1 आणि 15.3. टपरीवर हे सांगितलं तर कोणी मानेना. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये हेच मोजलं होतं : इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तरी इंधनाच्या खपात म्हणावा असा फरक पडत नाही, मार बसतो तो पिकअपला. हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. मायलेज खाणारा फिल्टर हा कार्ब्युरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आधीच्या, जमान्यातला अनुभव, तो आपण अजून सांगत फिरतो. आणि माझा तर तुंबलेलाही नव्हता, उलट दोन बोटं उघडा होता.

मायलेजचा खरा चोर टायर निघाला. चारही टायरांत 24-25 पीएसआय. 33 केली. शिवाय मेमध्ये एसी पहिल्या मिनिटापासून फुल असतो, त्याला इलाज नाही.

16 जून, रविवार. मीटर 89,041

पाऊस दोनदा शिंतडून गेला. धूळ बसली, आता चिखल उडेल. उघडला. मळकी बाजू काळी, हवी तशी. पलीकडची बाजू स्वच्छ. फिल्टर कोरडा. कोंबडजाळी जागेवर, बाहेर तिला एक अर्धवट कुरतडलेली शेंग टेकलेली. उंदराने प्रयत्न सोडलेला नाही.

मायलेज 16.2. टायर आणि ढगाळ हवा.

ऑइलची डिपस्टिक दर रविवारी बघतो आहे. दहा महिने धूळ गेली, त्याने आत किती घासलं असेल हे डोळ्यांना दिसणार नाही. पातळी गेल्या महिन्यात जेमतेम एक रेघ उतरली. धूर नाही.

खर्च : पंक्चरवाला 20, एसी फिल्टरची वजावट 30, फिल्टर 385, क्लिप 40, केबल टाय घरातलीच. 475 रुपये, त्यातले 90 माझ्या चुकांचे. वेळ साडेसात-आठ तास, त्यात कामाचे दहा मिनिटं आणि पावडरच्या ठशाची दहा.

दुपारी गाडी धुवायला नेली. खालून पाण्याचा फवारा मारला तशी इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या ट्रेमधून काहीतरी खणकन खाली पडलं. पोऱ्याने उचलून दिलं. 5 मेची क्लिप. डॅशबोर्डच्या खणात ठेवली आहे. पुढचं उघडणं दिवाळीच्या आसपास, पाचेक हजार किलोमीटरनंतर.